कॅल डेंटन नाव बदलत नाही

कॅल डेंटनला तुम्ही ओळखता. नाव ऐकून ओळखणार नाही, तोंड बघितलंत तर लगेच ओळखाल. जाड भुवया, पडलेले खांदे, आणि नुकतीच कुणाची तरी वाईट बातमी घेऊन आल्यासारखी चालण्याची पद्धत. पेट्रोल पंपावर, भाजीच्या दुकानात, कुठंही तो उभा राहिला की कुणीतरी बिचकत जवळ यायचं.

"माफ करा हं, आपण कुठंतरी भेटलोय. माझ्या मेव्हण्याच्या लग्नात होतात का तुम्ही?"

कॅल चेहरा गंभीर ठेवून म्हणायचा, "नाही बाई. मागच्या मंगळवारी टीव्हीवर मी बँक लुटली आणि दुसऱ्या जाहिरातीच्या आधी मेलो."

मग ती बाई खूश होऊन हसायची, त्याचा हात धरायची आणि विचारायची, "पण तुमचं नाव काय हो?" तो सांगायचा. ती मान डोलवायची आणि गाडीपर्यंत पोचेतो विसरायची. हे मी डोळ्यांनी शंभर वेळा पाहिलंय आणि शंभरही वेळा माझं डोकं फिरलंय. कॅलचं नाही फिरायचं. तो नाव सांगताना प्रत्येक वेळी पहिल्यांदाच सांगत असल्यासारखं सावकाश, ठासून सांगायचा.

मी मोर्ट. एकतीस वर्षं स्टुडिओत प्रॉपर्टी सांभाळली. पडद्यावर माणूस जे हातात धरतो, खातो, पितो, ज्यानं दुसऱ्याला मारतो, ते सगळं माझ्या पेटाऱ्यातलं. कॅमेऱ्यामागं मांडतात त्या कापडी घडीच्या खुर्च्याही माझ्याकडेच. त्यांच्या पाठीच्या कापडावर साचा ठेवून नावं रंगवायची तीही मीच. दिग्दर्शकाची एक, हिरोची एक, हिरॉइनची एक. कॅलसारखी एका दिवसाच्या कामाला येणारी माणसं लाकडी खोक्यांवर बसायची. कुणी दुष्टपणानं बसवायचं नाही, तशी रीतच होती. पण रीत आहे म्हणून ती गोष्ट बरी होते असं मला कधी वाटलं नाही.

कॅल ओक्लाहोमातल्या अर्डमोर गावचा. तिथल्या तेलाच्या कारखान्याच्या वर्कशॉपमध्ये तो फिटर होता. गावातल्या हौशी नाटकात दोनदा टाळ्या मिळाल्या आणि पठ्ठ्यानं नोकरी सोडली. १९५० साली तो निघाला तेव्हा जेवणाच्या सुट्टीत सगळं वर्कशॉप बस थांबते तिथं जमलं होतं. चाळीस माणसं. निरोप द्यायला कोण आलंय, गंमत बघायला आली होती. त्यांचा फोरमन हॉलिस बर्च सगळ्यांच्या देखत म्हणाला, "डेंटन, तुझी कोटाची खुंटी रिकामी ठेवतो बरं का. महिन्याभरात लागेल."

चाळीस माणसं हसली. कॅल बसच्या पायरीवरून म्हणाला, "हॉलिस, एक दिवस तू थेटरात बसून माझं नाव वाचशील." त्यावर ती आणखीच हसली.

इथं, सिनेमावाल्यांच्या ह्या शहरात आल्यावर वर्षभरात त्याचं नशीब उघडता उघडता राहिलं. एका स्टुडिओच्या साहेबाला तो आवडला. तेव्हा भुवया इतक्या वाढलेल्या नव्हत्या, उंची चांगली, आवाज खणखणीत. साहेबानं सात वर्षांचा करार पुढं सरकवला. दुय्यम हिरो, पुढं जमलं तर मुख्य. एकच अट होती. कॅल डेंटन हे नाव भांडी विकणाऱ्याचं वाटतं, म्हणून उद्यापासून ब्रॅड स्टर्लिंग.

कॅल म्हणाला, "साहेब, अर्डमोरमध्ये चाळीस माणसं म्हणतायत की मी परत येणार. ब्रॅड स्टर्लिंग परत गेला नाही, तर त्यांना काय कळणार?"

साहेबाला वाटलं पोरगा थट्टा करतोय. नाही म्हणतोय हे कळल्यावर त्यानं करार ओढून घेतला. "ह्या नावानं जन्मभर लोकांना दारू ओतत बसशील," तो म्हणाला.

आणि अगदी तसंच झालं. कॅलनं पडद्यावर जेवढी दारू ओतली तेवढी ह्या शहरातल्या कुठल्या खऱ्या बारवाल्यानं ओतली नसेल. सगळी माझी, म्हणजे थंड केलेला कोरा चहा. उरलेल्या दिवशी तो शेरीफ, न्यायाधीश, दुधवाला, पाद्री, खुनी, खून झालेला. तीन दिवसांचं काम असेल तर मोठी चैन. पण काम असं करायचा की बघत राहावं. जेवणाचा प्रसंग असला की नवे नट पहिल्याच टेकला मोठा लचका तोडतात. मग तोच घास, तेवढाच, प्रत्येक टेकला पुन्हा, नाहीतर फिल्मचे तुकडे जुळत नाहीत. कॅल मटाराचा एकच दाणा काट्यावर घ्यायचा आणि तो असा खायचा की माणूस तीन दिवसांचा उपाशी आहे असं वाटावं. वीस टेक झाले तरी वीस दाणे.

एकच दुखणं होतं. त्याचं नाव यायचं ते शेवटी. इथं आमच्या सिनेमावाल्यांच्या गावात सिनेमा संपला तरी कुणी उठत नाही. शेवटच्या नावापर्यंत लोक बसून राहतात, कारण त्यात कुणाचा भाऊ असतो, कुणाची शेजारीण असते. आपल्या माणसाचं नाव आलं की टाळी वाजते. अर्डमोरमध्ये "समाप्त" आलं की माणसं टोप्या घालतात आणि गाडीकडं पळतात. टीव्हीवर तर ती नावं येईपर्यंत सगळे स्वयंपाकघरात गेलेले असतात. कॅलचा भाऊ वेंडेल पत्र लिहायचा, "शनिवारी तुझा सिनेमा पाहिला. तू बुडालास तेव्हा आई रडली. तुझं नाव मात्र कुठं दिसलं नाही. हॉलिस सगळ्यांना सांगतो की नाव असतं तर दिसलं असतं."

कॅल दर वेळी उलट टपाली एकच ओळ लिहायचा. "शेवटपर्यंत बसा." ती माणसं तीस वर्षांत एकदा बसली नाहीत. मला त्यांचा फार राग यायचा.

१९८२च्या शरदात कॅलला नटांच्या युनियनचं पत्र आलं. आमच्याकडं नियम असा की युनियनच्या वहीत एका नावाचा एकच नट. ज्यानं आधी नोंदवलं त्याचं ते. दुपारच्या टीव्ही मालिका टेपवर व्हायच्या, त्यांची युनियन वेगळी, आणि फिल्मची वेगळी. त्या मालिकांमध्ये दोन वर्षं एक देखणा पोरगा डॉक्टरचं काम करत होता. बायका त्याच्यावर फिदा. आता त्याला सिनेमात आणत होते, मुख्य भूमिका, मोठा खर्च. आणि फिल्मच्या युनियनमध्ये नोंदवायला गेले तर कळलं की त्याचं नाव १९५१ पासून दुसऱ्याच कुणाचं आहे. पोराचं नाव होतं कॅल डेंटन.

रविवारी मी कॅलकडं जेवायला जायचो. व्हॅन नाइस भागातलं त्याचं घर लहान, पण मागं लिंबाचं झाड होतं आणि इमोजीनच्या हातचा मीटलोफ, म्हणजे खिम्याची भाजलेली जाड वडी, होता. इमोजीन म्हणजे कॅलची बायको, शाळेच्या वाचनालयात कामाला, जिभेला धार. त्या रविवारी कॅलचा एजंट सॉलही आला. सॉल जेवायला आला म्हणजे काहीतरी मागायला आला.

"कॅल, एक अक्षर," सॉल म्हणाला. "नावाच्या मध्ये एक अक्षर घाल, बस्स. नियम पाळला, विषय संपला. तुला मधलं नाव आहे ना?"

"आहे."

"काय आहे?"

"सांगणार नाही."

सिंकपाशी उभी असलेली इमोजीन खुदकन हसली.

"अरे, मग दुसरं काहीतरी लाव. नाव कुणाला माहितेय तुझं? मी तुझा एजंट आहे आणि मलासुद्धा फोनवर सांगावं लागतं, 'तो रे, ज्याच्या भुवया अशा आहेत, तो.'"

"मग भुवया दे त्याला."

"मस्करी करू नकोस. स्टुडिओवाले भरपाई देतील, भरपूर देतील. आणि नाही ऐकलंस तर ते लक्षात ठेवतील. ह्या वयात तुला ते परवडेल का?"

"सॉल, बटाटे घे."

सॉलनं बटाटे घेतले नाहीत. महिन्याभरात त्यानं कॅललाच सोडलं.

मग फोन बंद झाला. उघडपणे कुणी काही बोललं नाही. आमच्याकडं असलं कधी उघड बोलतच नाहीत, फक्त फोन वाजत नाही. सोळा वर्षं त्याला कामाला बोलावणारी बाई नेमकी रजेवर असायची. बारवाल्याच्या कामाला दुसरा माणूस यायचा, ज्याला बाटली कुठून धरायची हे मला शिकवावं लागायचं. कॅल रोज सकाळी दाढी करून फोनपाशी बसायचा आणि चुकून वाजलाच तर पहिल्या घंटीला उचलून म्हणायचा, "कॅल डेंटन." पलीकडं गालिचे विकणारा असायचा. आठ महिन्यांत त्यानं गॅरेजचं दार तीनदा रंगवलं.

एकदा माझ्यासमोरच इमोजीननं विषय काढला. "कॅल, मी एकदाच विचारते. एका नावासाठी?"

"मी तिथं सांगून आलो होतो."

"कुणाला? निम्मे मेले त्यातले."

"उरलेल्या निम्म्यांना तरी."

तिला राग आला होता आणि त्याच्यावर जीवही होता, आणि दोन्ही लपवायची तिला सवय नव्हती. "ठीक आहे," ती म्हणाली. "मग ताठ उभा राहा. पण त्या दाराला चौथा हात दिलास ना, तर मी माझ्या बहिणीकडं जाईन."

मे महिन्यात त्या सिनेमाचं शूटिंग सुरू झालं. नावाचं कोडं सुटलं नव्हतं. युनियननं पोराला काम करायची तात्पुरती परवानगी दिली होती, पण पोस्टर छापायच्या आत नाव ठरवा म्हणून बजावलं होतं. स्टुडिओला वाटत होतं की म्हातारा तोवर वाकेल. त्या सिनेमावर प्रॉपर्टी माझीच होती. हुकूम आला तसं मी हिरोच्या खुर्चीवर नाव रंगवलं. रंगवताना हात जड झाला होता हे कबूल करतो. पण रंगवलं.

आणि मग आमच्या धंद्यातच होऊ शकेल अशी एक चूक झाली. गाड्या पाठवणाऱ्या ऑफिसात एक नवीन मुलगी होती. हिरोला पहिल्या दिवशी कुठून आणायचं हे तिच्या कागदावर नव्हतं. तिनं हुशारी केली, सरळ युनियनला फोन लावून विचारलं, "कॅल डेंटनचा पत्ता काय?" युनियनच्या वहीत एकच कॅल डेंटन होता. त्यांनी दिला.

रविवारी संध्याकाळी व्हॅन नाइसमध्ये फोन वाजला. "मिस्टर डेंटन, उद्या सकाळी सहाला गाडी येईल. स्टेज नऊ."

"येतो," कॅल म्हणाला आणि फोन ठेवला.

इमोजीन म्हणाली, "हे तुझ्यासाठी नाही, तुला पक्कं माहितेय."

"नाव कुणाचं घेतलं त्यांनी?"

त्यानं निळा सूट काढला. इमोजीननं स्वतः इस्त्री केली.

सकाळी सात वाजता मी स्टेजवर पेटारे उघडत होतो. लांब काळी गाडी दाराशी थांबली आणि तिच्यातून कॅल उतरला. फाटकावरच्या यादीत नाव होतं, त्यामुळं कुणी अडवलं नव्हतं. तो सावकाश चालत आला. केबल ओढणारे, दिवेवाले, शिडीवरचे सुतार, सगळे त्याला वर्षानुवर्षं ओळखणारे. सगळ्यांचे हात थांबले. तो खुर्च्यांच्या रांगेपाशी आला, पाठीवरचं नाव वाचलं आणि बसला. मग माझ्याकडं बघून म्हणाला, "मोर्ट, अक्षरं सुरेख काढलीस."

मला तोंड वर करवेना.

सहदिग्दर्शक ब्रेनर धावत आला. "कॅल! अरे, उठ तिथून. ती हिरोची आहे."

"वाच बरं काय लिहिलंय."

"काय लिहिलंय ते मला माहितेय."

"मग मोठ्यानं वाच. तीस वर्षं कुणी मोठ्यानं वाचलेलं नाही."

ब्रेनर लाल झाला. तेवढ्यात तो पोरगा आला, स्वतःची गाडी चालवत, पाऊण तास उशिरा, घामाघूम, कारण त्याला न्यायला कुणी आलंच नव्हतं. देखणा होताच. पण आपल्या खुर्चीत बसलेला माणूस बघून तो आधी रागावला नाही, बावरला. ते माझ्या लक्षात राहिलं.

"सर, ही बहुतेक माझी खुर्ची आहे."

"तुझं नाव काय?" कॅलनं विचारलं.

"कॅल डेंटन."

"कधीपासून?"

पोरानं खुर्चीच्या पाठीकडं बघितलं.

"मी १९२६ पासून. तू?"

"ऐंशीपासून," तो पुटपुटला. "आमच्या एजंटनं निवडलं. त्याला ते दणकट वाटलं."

शिडीवरून कुणीतरी फस्सकन हसलं. कॅल हसला नाही. "भांडी विकणाऱ्याचं वाटतं म्हणाले होते मला," तो म्हणाला. "आता दणकट झालं काय! त्याआधी काय होतास?"

"डेनिस. डेनिस कुझावा."

"कुठला?"

"टोलीडो, ओहायो."

"घरी कोण आहे?"

"आई आहे. बेकरी आहे आमची."

"आई काय सांगते लोकांना?"

पोराच्या चेहऱ्यावरचं हिरोपण एकदम उतरलं. त्यानं खाली बघितलं. "सांगते की टीव्हीवरचा तो डॉक्टर माझा डेनिस आहे. चर्चमधल्या बायका तिच्या पाठीमागं हसतात. म्हणतात, त्याचं नाव डेंटन आहे, ही म्हातारी बरळते."

"आणि तुला हे चालतं?"

पोरगा उत्तर द्यायच्या आत ऑफिसातला माणूस दोन पहारेकऱ्यांना घेऊन आला. कॅल त्यांचा खोळंबा न करता उठला. कोटाची बटणं लावली, खुर्ची थोडी सरळ केली. दाराशी त्यातला एक पहारेकरी त्याच्याकडं निरखून बघत थांबला.

"अहो, तुम्ही ते हे ना? घोडेचोर? काय बरं तुमचं नाव?"

"कॅल डेंटन."

"छे हो, ते तर आत आहेत."

कॅलनं त्याला सावकाश, ठासून, पुन्हा एकदा सांगितलं आणि बसनं घरी गेला.

चार दिवसांनी पोरगा ऑफिसात जाऊन सांगून आला की पोस्टरवर कुझावा लिहा. आत काय आरडाओरडा झाला तो स्टेजपर्यंत ऐकू आला. कुझावा हे नाव आहे की शिंक, असंही कुणीतरी म्हणालं. पण अर्धा आठवडा शूटिंग झालेलं होतं, हिरो बदलता येत नव्हता, आणि पोरगाही हट्टाला पेटला. मी नवीन कापडावर कुझावा रंगवलं. जुनं कापड टाकून द्यायचं होतं. ते मी घडी करून रविवारी व्हॅन नाइसला घेऊन गेलो. मला वाटलं कॅलला आनंद होईल.

त्यानं ते हातात घेऊन परत माझ्या मांडीवर ठेवलं. "मोर्ट, हे तू त्याच्यासाठी लिहिलं होतंस."

"नाव तर तुझं आहे!"

"नाव माझं आहे. लिहिलं त्याच्यासाठी होतंस. माझ्यासाठी लिहिशील तेव्हा दे."

मला असं झोंबलं की मी मीटलोफ अर्धा टाकून उठलो. रस्त्यात गाडी थांबवून बसलो तेव्हा कळलं की राग त्याचा आलेला नव्हता, माझा आला होता. एकतीस वर्षांत मला कुणी अडवलं होतं? रंग माझा, साचा माझा, कापड माझं.

जूनमध्ये फोन वाजला. त्याच सिनेमात बारवाला हवा होता, एक दिवस. कुझावानं त्याचं नाव घेऊन मागितला होता.

"उपकार असेल तर नको," कॅल म्हणाला. "वाक्यं आहेत का?"

"चार आहेत."

"मग येतो."

त्या दिवशी मी पहाटेच जाऊन खुर्ची मांडली. कोऱ्या कापडावर कॅलचं नाव, ओल्या रंगाच्या वासासकट. ब्रेनर म्हणाला, "एका दिवसाच्या माणसाला खुर्ची नसते, मोर्ट." मी म्हणालो, "आज असते. हलवलीस तर संध्याकाळपर्यंत तुला एक बंदूक, एक पेला मिळायचा नाही." त्यानं हलवली नाही. कॅलनं कापड वाचलं, एका बोटानं अक्षराला हात लावून रंग वाळलाय का बघितला, पाठीवर आपला कोट टांगला आणि बारमागं जाऊन दिवसभर उभा राहिला. बारवाला उभाच असतो.

प्रसंग असा की कुझावा बारपाशी बसून चेरी पाय, म्हणजे चेरी भरून भाजलेला गोड पदार्थ, खात खात बातमी ऐकतो. पहिल्याच टेकला त्यानं चेरी पायचा हा एवढा लचका तोडला. कॅल पेला पुसत पुसत ओठ न हलवता म्हणाला, "मेलास पोरा." बाराव्या टेकला पोरगा हिरवा पडला. कॅलनं बारखालून पायानं बादली सरकवली. "कट म्हटलं की थुंकायचं. कुणी शिकवलं नाही का तुला?"

"मालिकेत एकदाच खायचो," कुझावा कसाबसा म्हणाला. तोंड पुसून झाल्यावर तो हळूच म्हणाला, "सर, तुमचं नाव ह्या सिनेमात सुरुवातीला येणार आहे. माझं पहिलं, तुमचं चौथं. मी तसं लिहून घेतलंय."

"मी उपकार नको म्हणालो होतो."

"उपकार नाही. भाडं समजा. तीन वर्षं तुमचं नाव वापरलं मी."

कॅलनं पेला दिव्याकडं धरून बघितला. "भाडं असेल तर चालेल," तो म्हणाला.

पुढच्या वसंतात तो सिनेमा अर्डमोरला लागला. कॅल, इमोजीन आणि मी, तिघं माझ्या गाडीतून दोन दिवस प्रवास करून गेलो. वेंडेलनं गावात निरोप फिरवला होता. चाळीसपैकी अकरा माणसं हयात होती. अकराच्या अकरा आली, हॉलिस बर्चसकट. एकोणऐंशीचा, काठी टेकत, नातीच्या हाताला धरून. कॅलकडं बघून तो एवढंच म्हणाला, "खुंटी अजून आहे हं."

"असू दे," कॅल म्हणाला.

दिवे गेले. मी कॅलच्या शेजारी होतो. त्याचे दोन्ही हात गुडघ्यांवर घट्ट होते. चौतीस वर्षं ज्यासाठी हा माणूस अडून बसला होता ते आता तीन सेकंद दिसणार होतं, आणि त्या तीन सेकंदांत कुणी शिंकलं असतं, कुणी मक्याच्या लाह्यांच्या पुडीत डोकं घातलं असतं, तरी सगळं वाया गेलं असतं. कुझावाचं नाव आलं. हिरॉइनचं आलं. तिसरं आलं.

चौथं आलं आणि कॅल उठून उभा राहिला. मागच्या प्रोजेक्टरचा झोत त्याच्या डोक्यावर पडला, पडद्यावर त्याच्या कानांची भली मोठी सावली आली आणि सावलीच्या वर ते नाव.

मागून हॉलिसचा आवाज आला, "अरे, बस खाली! काही दिसत नाही!"

कॅल वळला. "वाचलंस का?"

"आधी बस!"

"वाचलंस का, हॉलिस?"

पडद्यावर पुढची नावं येऊन गेली, घोडा आला, धूळ आली. कॅल तसाच उभा होता. इमोजीननं त्याचा कोट ओढला नाही.

"वाचलं रे बाबा," हॉलिस म्हणाला. "कॅल डेंटन. वाचलं."

तेव्हा कॅल बसला.